दोन किरणांची सूट

वारंगा फाट्याजवळच्या घमेल्यांच्या कारखान्यात मी आठ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. प्रेसची मोटर, मालकांच्या घरचा पंप, त्यांच्या मेव्हण्याचं बोअर, सगळं माझ्याच गळ्यात. दोन हजारनंतरची ती वर्षं लोडशेडिंगची. लाइट आली की सगळ्यांना मी एकाच वेळी हवा असायचो. आजही पंप म्हटलं की माझं डोकं उठतं.

त्याच काळात मालकांनी पुण्याकडून एक जुना हायड्रॉलिक प्रेस आणला. त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पिवळे खांब होते. एका खांबातून दुसऱ्याकडे डोळ्यांना न दिसणारे किरण जात, एकाखाली एक, अगदी जवळजवळ. मध्ये बोट आलं की हिरवा दिवा लाल होई आणि प्रेस जागच्या जागी थांबे. त्याला आम्ही पडदा म्हणायचो. तो लावायला शिकून ये म्हणून मालकांनी मला दोन दिवस औरंगाबादला पाठवलं. तेव्हापासून प्रेस चालवणारे मामा मला साहेब म्हणायला लागले. मस्करीतच, पण मला ते आवडायचं.

मामा साखरा गावाकडचे. घरी मेंढरं होती, ती भाऊ राखायचा. लोकर कातरायचे दिवस आले की मामा न विचारता चार दिवस गायब. कातरीवर हात असा बसलेला की मेंढीच्या कातडीला ओरखडा नसे. कारखान्यातही तेच. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी दिलेली बोटाच्या जाडीची सळई ते पडद्यातून वरपासून खालपर्यंत फिरवायचे आणि लाल दिवा बघूनच पेडलवर पाय ठेवायचे.

खंडेनवमीला प्रेसची पूजा झाली. मामांनी प्रेसच्या तोंडाशी झेंडूचा हार बांधला. दसऱ्यानंतर काम सुरू करायला गेलो तर दिवा लाल. हार मधोमध लोंबून दोन किरण अडवत होता.

"मामा, वर बांधा की जरा."

"बांधलेला हार हलवत न्हाईत, साहेब. वाळून आपसूक पडला पायजे."

यावर कारखान्यात कोणी वाद घालणार नव्हतं. मीही नाही. मी खांबाचं झाकण उघडलं. आत बारीक खटके होते. त्यातला एक खटका असा, की कोणतेही दोन किरण अडले तरी पडद्याने दुर्लक्ष करावं. विचार करूनच तो वापरा आणि मशीनवर तसं लिहून ठेवा, असं औरंगाबादला बजावलं होतं. मी खटका दाबला. लिहिलं काहीच नाही. दिवा हिरवा झाला आणि मामांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

हार होता तोवर फारसा धोका नव्हता. दोन किरणांची सूट हारानेच खाल्ली होती, त्यामुळे हाराच्या वर-खाली कुठेही बोट आलं की दिवा लाल होतच होता. दिवाळीनंतर हार गळून पडला आणि ती सूट बोटांसाठी मोकळी झाली. दुसऱ्याच सकाळी मामा मला शोधत आले. मी मालकांच्या पंपाखाली आडवा पडलो होतो.

"साहेब, सळई घातली तरी दिवा लाल होऊन न्हाई राहिला."

मला त्याच क्षणी कळलं. हे मी लपवणार नाही. पण उठायचं, कारखान्यात जायचं, झाकण उघडायचं, आणि इकडे पंपाचा नटसुद्धा निघत नव्हता. मी म्हणालो, "सळई बारीक पडत असंल. तुमच्या काठीनं बघा."

मेंढरांमागची ती मनगटाएवढी काठी मामा कारखान्यातही बरोबर आणायचे. ती घातली की तीन-चार किरण अडायचे. दिवा लाल झाला, मामांचं समाधान झालं. खटका संध्याकाळी काढू, असं मी ठरवलं. अशा सात-आठ संध्याकाळी गेल्या.

मग एक दिवस पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला मामांनी आडवा पंजा आत घातला आणि पाय पेडलवर राहिला. पंज्याने दोनच किरण अडले, दिवा हिरवाच राहिला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात मालकांनी माझ्यासमोरच विचारलं, पडदा चालू होता का? मामा म्हणाले, "पडदा बराबर व्हता. म्या रोज काठीनं बघत व्हतो. माहाच हात चुकला."  मी कारखान्यात परत येऊन खटका काढला, सळई घातली, दिवा लाल झाला. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

हे मनातून जाईना. तीन वर्षांनी लोकर कातरायच्या दिवसांत मी साखऱ्याकडे गेलो. कातरी भावाच्या हातात होती. मामा मेंढीचे पाय धरून बसले होते. मी हार, खटका, काठी, सगळं सांगितलं. 

"मंग त्या दिसी पंपाखालून उठले काहून न्हाई, साहेब?"

थकलो होतो, हे खरं उत्तर होतं. पण त्या हाताकडे बघून ते तोंडातून निघेना. मामांनी भावाला दुसरी मेंढी आणायला सांगितली.