आबांचं झीरो पॉइंट नऊ

आमच्या घराण्यात परीक्षा पास झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी क्रिएटिनिनची परीक्षा पास केली तेव्हा त्याचा गाजावाजा होणारच होता. परीक्षक मी. रामनगरात एका खोलीची लॅब आहे, तिथे बावीस वर्षं मी लोकांच्या दंडातून रक्त काढते, ट्यूबा यंत्रात फिरवते आणि आलेला आकडा कागदावर उतरवते. आकड्याशेजारी नॉर्मल कुठपासून कुठपर्यंत ते छापलेलंच असतं. डोकं वापरायची गरज पडत नाही, आणि मीही ते उगाच झिजवलं नाही.

आबा दिग्गीकडच्या जंगलातल्या गावात माझ्या भावाकडे राहतात. पावसाळ्यात भात आणि बाकीचं वर्ष लाकडं तोडणं, वाहणं, यात त्यांचा जन्म गेला. बक्षीस म्हणून दोन दुखरे गुडघे मिळाले. गुडघ्यांसाठी गोळ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि पाहुणे आले तर एक जास्त, कारण पाहुण्यांसमोर लंगडणं बरं दिसत नाही. या गोळ्या किडनीला वाईट, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून आबा बाजाराला आले की तीन-चार महिन्यांनी एकदा मी त्यांचं रक्त घ्यायचे. क्रिएटिनिन हा अंगातला कचरा. किडनी तो रक्तातून बाहेर टाकते. रक्तात साचला नाही तर किडनी काम करते आहे, असा साधा हिशोब. आबांचा आकडा यायचा झीरो पॉइंट नऊ, कधी झीरो पॉइंट आठ. मी म्हणायचे, "किडनी चांगली आहे, आबा." मग आबा औषधाच्या दुकानातून गोळ्यांची नवी पाकिटं घेऊन निर्धास्त बसमध्ये चढायचे. गोळ्या त्यांच्या, परवाना माझा.

मागच्या वर्षी गावात राखण झाली. गाव राखणाऱ्या देवाला रानाच्या कडेला कोंबडे द्यायचे, तिथेच चुली मांडून शिजवायचे आणि तिथेच संपवायचे. घरी शीतसुद्धा आणायचं नाही, असा नियम. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, असाही नियम आहे. देवाला आमच्यापासून काय धोका आहे ते मला कुणी सांगितलेलं नाही. संपवायचा नियम मात्र पुरुष फार श्रद्धेने पाळतात. सगळ्यांत जास्त श्रद्धा माझ्या मामाची.

मामा आईचा धाकटा भाऊ, राहायला त्याच गावात. आई गेली, पण या मेव्हण्या-दाजींची एकमेकांना टोमणे मारायची हौस काही गेली नाही. मामा साठीला टेकलाय, तरी ट्रकमध्ये ओंडके चढवतो. दंड माझ्या मांडीएवढे. आबांच्या तोंडात दात नाहीत, म्हणून त्यांनी राखणीत नुसता नमस्कार केला आणि घरी येऊन पेज प्यायली. त्यांचा वाटा घरी नेता येत नाही आणि टाकताही येत नाही. मामाने तोही संपवला.

त्याच दिवसांत मामाची पाठ धरली होती. पाठ दुखते म्हणजे किडनीच गेली, असं निदान गावातल्या कुणीतरी केलं. अशा निदानाला शिक्षण लागत नाही. राखणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघेही लॅबमध्ये हजर. मी दोघांचं रक्त घेतलं.

"मामा, तुझा एक पॉइंट सहा. जास्त आहे."

"आन् दाजींचा?"

"झीरो पॉइंट नऊ."

"मग जास्त माजाच हाय न्हवं? पयला नंबर माजा."

"ह्यात कमी आला की पास रं," आबा बाकावरून म्हणाले. "जन्मात एकदा पयला आलास, त्यो बी नापासांत."

मामाला तू काल काय खाल्लंस, हे मी विचारलं नाही. शिजवलेलं मटण किंवा कोंबडी पोटात गेली की हा आकडा वर चढतो, हे मला शिकवलेलं होतं. पण राखणीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या पुरुषाच्या पोटात काय असतं, हे विचारण्यासारखं आहे का? जे माहीतच आहे ते विचारायचं नाही, आणि मग विसरायचं. आमची हीच पद्धत.

मामाने मटण सोडलं, मीठ सोडलं, डाळ सोडली, शेवटी कामही सोडलं. कुठल्या तरी सालीचा काढा मामीकडून करून घेऊन दिवसभर ओसरीवर पडून राहायचा. आबा रोज समाचाराला जात. समाचार म्हणजे, "आज तोंड सुजल्यालं दिसतंय रं," असं म्हणून चहा पिऊन येणं. स्वतः पहिले आल्याच्या आनंदात त्यांनी गोळ्या दोनाच्या तीन केल्या. भावाने हटकलं तर म्हणाले, "पोरगीनं बघून सांगितलंय. माजी पास हाय."

दोन महिन्यांनी आबा बाजाराला आले ते चपला सुतळीने बांधून. पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना. मी रक्त घेतलं. झीरो पॉइंट नऊ. सूज डोळ्यांसमोर आणि आकडा कागदावर. मी कागदावर विश्वास ठेवला आणि म्हणाले, "बसमध्ये पाय लोंबकळत ठेवले की सूज येते."

त्याच दुपारी बेळगावच्या डॉक्टरीणबाईंचा दुसऱ्याच एका पेशंटबद्दल फोन आला. आमचे अवघड नमुने त्यांच्या मोठ्या लॅबला जातात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण रागावतात माझ्या आईसारख्या. बोलता बोलता मी आबांच्या पायांचं सांगितलं.

"वजन किती त्यांचं?"

"एकोणचाळीस."

"अक्का, क्रिएटिनिन येतं कुठून?"

"स्नायूंतून," मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"मग तुमच्या आबांच्या अंगावर स्नायू उरलेत कुठे? चुलीत लाकूडच नाही, आणि घरात धूर होत नाही म्हणून कौलं मोकळी आहेत असं सांगताय तुम्ही. किती वर्षं?"

किती वर्षं ते मोजायची माझी इच्छा नव्हती.

त्यांनी सिस्टॅटिन सी करायला सांगितलं. अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी हे प्रथिन थोडं थोडं बनवत असते, माणूस पैलवान असो की पाप्याचं पितर, आणि रक्तातून ते काढायचं कामही किडनीचंच. दंड बघून ते वाढत नाही, कोंबडी खाल्ली म्हणून चढत नाही. त्यालाही खोड्या आहेत, म्हणून आबांना थायरॉइड आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. दोन्ही नव्हतं. मी मामालाही बोलावलं, त्याचं क्रिएटिनिनही पुन्हा करायचं होतं. "तीन दिवस मटण-कोंबडी खाऊ नकोस," म्हटलं तर म्हणाला, "दोन म्हयनं झालं, कोंबडीचा आवाज बी ऐकला न्हाई." दोघांचे नमुने बर्फाच्या डब्यातून बेळगावला गेले.

रिपोर्ट आले. मामाची किडनी ठणठणीत. पाठ ओंडक्यांनी धरली होती, हे लहान पोराने सांगितलं असतं. आबांची किडनी निम्म्याहूनही कमी काम करत होती.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी रजा काढून गावी गेले. आबा अंगणात पाटावर पाय ठेवून बसले होते, मामा रिपोर्ट ऐकायला आधीच येऊन बसलेला. मी जे होतं ते सांगितलं.

"ह्यो पास आन् मी नापास?" आबा म्हणाले. "झीरो पॉइंट नऊ तुज्याच मशिनीचा न्हवं? मग त्यो खोटा व्हता व्हय?"

"आकडा खोटा नव्हता. मी तुमच्याकडे बघितलं नाही, आकड्याकडे बघितलं. चूक माझी आहे."

बावीस वर्षांत हे वाक्य मी प्रथमच बोलत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामा आता दोन महिन्यांचं उट्टं काढणार, या तयारीत मी होते. पण तो म्हणाला, "त्या गोळ्यांनीच झालं काय गं?"

"एकट्या गोळ्यांनीच असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण आता एकही पोटात जाता कामा नये."

मामा उठला, आत गेला आणि भाताच्या कणगीमागून चार पाकिटं घेऊन आला. मी दोन समजत होते.

"तुला कशी रे जागा माहीत?"

"मीच आणून देतो की. तू पास म्हणलीस म्हणून."

आबांनी पाकिटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गोळ्या न्हाईत तर ह्ये गुडघं कोण वागवणार? तुजं मशीन?"

मी चारही पाकिटं माझ्या पिशवीत टाकली. डॉक्टरीणबाईंनी एक साधी, सौम्य गोळी दिली होती, शिवाय शेक आणि तेल. आबांच्या मते ती गोळी म्हणजे खडूचा तुकडा. पण तीन महिने त्यांनी पाळलं. पायांची सूज उतरली. सिस्टॅटिन पुन्हा केलं, आकडा होता तिथेच होता. मी बाईंना म्हटलं, सुधारणा नाही. त्या म्हणाल्या, "अक्का, घसरला नाही ना? ह्या वयात यालाच सुधारणा म्हणतात."

मामा पुन्हा ओंडके चढवतो आणि पुन्हा पाठ धरून बसतो. आबा शेतात उतरत नाहीत. गावात मोबाइलला रेंज फक्त देवळामागच्या चढावर मिळते. दर सकाळी काठी टेकत ते तो चढ चढतात आणि मला शिव्या द्यायला फोन करतात.

"आज डावा लई दुकतोय. घिऊ का एक?"

"नाही."

"अर्धी?"

"नाही, आबा."

"बरं," म्हणतात आणि ठेवून देतात. चढ उतरायला त्यांना पाऊण तास लागतो, असं भाऊ सांगतो.