अशेरीच्या टाक्यावर

त्यानं माझा डबा बुटाच्या लाथेनं उडवला.

तांदळाची भाकरी धुळीत. बोंबलाची चटणी माझ्या पायांवर. अशेरी गडाच्या माथ्यावर, पडक्या तटाशी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो.

"गडावर मासळी आणतेस? विटाळ करतेस?"

कुणीतरी हसलं.

मी घिवलीची. मांगेल्याची पोर. बाप होडीवर, आई बोंबील सुकवून विकते. मी बोईसरच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. लाथ मारणारा आमच्या खात्याचा साहेब. तीन दिवसांत तीन किल्ले, अशी ऑफिसची सहल त्यानंच काढली होती. निघताना आई म्हणाली, "वर काय मिलनार नाय. सुकट ने."

आदल्या दिवसापासून तो प्रत्येक पडक्या दरवाज्याशी थांबून बोलत होता. आपले पूर्वज. आपलं रक्त. मीही मान डोलवत होते. त्याच्या 'आपल्या'त मी नव्हते, हे मला त्या लाथेनं कळलं.

तरी मी भाकरी उचलली, झटकली. गप्प बसणंच शिकले होते. शाळेत माझ्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून बाई मला दाराशी बसवायच्या. मी बसायचे.

हात धुवायला टाक्याकडे गेले. कातळात खोदलेलं जुनं टाकं. सकाळपासून सगळे त्यातलंच पाणी पीत होते. मीसुद्धा.

"टाक्यात हात घालायचा नाही," तो मागून ओरडला. "स्मिता, तिच्या हातावर वरून पाणी ओत."

स्मिता. कॅन्टीनमध्ये माझ्या डब्यातले बोंबील मागून खाणारी. ती बाटली घेऊन खरंच उठली.

मी हात पाण्यात घातला.

त्याच्या हातातली चढायची काठी माझ्या मनगटावर बसली. हाड वाजलं. त्यानं दुसऱ्यांदा उगारली तेव्हा मी ती धरली. हिसकली. हाणली. आधी खांद्यावर, मग तोंडावर. चष्मा फुटला. नाकातून रक्ताची धार लागली. तो खाली बसला, तरी माझा हात थांबेना. दोघांनी मला मागून आवळलं.

"सोडा मना!" ऑफिसातली मराठी पार गळून पडली होती. "परत काठी उगारलीस तं डोकाच फोडीन तुजा!"

त्यांनी सोडलं. मी टाक्याशी वाकले. ओंजळ भरून पाणी प्यायले. कुणी जवळ आलं नाही.

"तू घरी जा," सगळे म्हणाले. नाही गेले. दुसऱ्या दिवशी आसाव्याच्या किल्ल्यावरही चढले, सुजलेला हात ओढणीत बांधून. माझ्याशी कुणी बोललं नाही. साहेबाच्या नाकावर पट्टी; पडक्या दरवाज्याशी तो आता थांबत नव्हता. वरून बोईसरच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या, त्यांच्यापलीकडे समुद्र. ढासळलेल्या भिंतीला हात लावून बघितला. ऊन दगड. त्यात कुणाचंच रक्त दिसत नव्हतं.

परतल्यावर कंपनीत बोलावणं आलं. मोठा साहेब म्हणाला, "माफी माग, विषय संपव."

"पहिली काठी कुणी मारली?" मी विचारलं.

"नोकरीचा विचार कर."

केला. तिथून उठले ती थेट पोलीस ठाण्यात, तक्रार द्यायला. मनगटाला प्लास्टर आहे. नोकरी गेली. आई घाबरलीय. म्हणते, "मोटी मानसा हायत ती."

असतील. कोर्टात उभी राहीन. माफी मागणार नाही. मी मारलं, हेही लपवणार नाही. यापुढे माझ्यावर जो हात उचलेल, त्याला हात उचलायची भीती वाटली पाहिजे.