चिखलदऱ्याला, मागं वळून बघत

मागच्या महिन्यात जरीपटक्याच्या बाजारात माझ्या फोनची बॅटरी संपली आणि मला सक्करदऱ्याला घरी यायचा रस्ता आठवेना. पस्तीस वर्षं मी याच शहरात गाडी चालवतेय. स्टिअरिंगवर डोकं टेकून चक्क रडले. घरी कळल्यावर मुलगा प्रेमानंच म्हणाला, "आई, आता तू कॅबनंच जात जाय. गाडी विकून टाकू." त्या प्रेमाचाच मला जास्त राग आला. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की फोनवरचा नकाशा न लावता चिखलदऱ्याला जाऊन येते. नकाशा बघावा लागला, तर आल्यावर चावी तुझ्या हातात देईन.

सोबतीला नणंद कुसुमताई. दोघींचे फोन बंद करून त्यांच्या पिशवीत टाकले आणि सकाळी सहाला निघालो. सदरची वस्ती ओलांडून काटोल रोड धरला. या भागात मी वीस वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून फिरले आहे. तेव्हा आमची एक पद्धत होती. वळण घेतलं की थांबून मागं बघायचं, कारण परतताना तोच रस्ता वेगळा दिसतो. फोन आल्यापासून ते सगळं बंद पडलं. डोक्याला कामच दिलं नाही, तर ते तरी काय करणार?

म्हणून यावेळी प्रत्येक वळणावर थांबले, मागं बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "निळी टाकी डावीकडं. शाळेची भिंत उजवीकडं." कुसुमताईंनी विचारलं, "काय पुटपुटून राहिली वं वहिनी?" वरुडला कढी घातलेला गरम आलुबोंडा खाल्ला, शंभर रुपयांत दोघींची पोटं भरली. जाणार असाल तर पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या आणि घाटात घाई करू नका. सुट्टीचा दिवस टाळलात तर वर खोलीही स्वस्त मिळते, आम्हाला पंधराशेत मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दरीत धुकं भरलेलं होतं आणि कुसुमताई हातात रबडीचा द्रोण घेऊन कठड्याशी उभ्या होत्या. फार सुंदर होतं सगळं. पण खरं सांगते, माझं अर्धं लक्ष परतीच्या रस्त्यात होतं.

आणि तिथंच फसले. मोर्शी सोडल्यावर एका जागी रस्त्याला तीन फाटे फुटले. जाताना इथं मी संत्र्यांचा भाव करण्यात गुंतले होते, मागं बघायचं राहूनच गेलं होतं. आता तिन्हीकडं सारख्याच संत्र्याच्या बागा. अंदाजानं एक फाटा धरला, तर तो कालव्यापाशी जाऊन संपला. गाडी वळवून पुन्हा फाट्यावर आले. यातला खरा रस्ता कुठला, आठवेना. जरीपटक्यात झालं होतं, अगदी तस्सं.

कुसुमताईंनी पिशवीतून फोन काढला. "पाहून घे न वं वहिनी. कोणाले समजते?"

"मले समजते," मी म्हणाले.

मी गाडीतून उतरले. मागं बघायचं राहिलं होतं, पण जाताना पुढं काय दिसलं होतं ते तर आठवेल? उरलेल्या दोनपैकी एका फाट्यावर शंभरेक पावलं चालत गेले आणि मोर्शीकडं तोंड करून उभी राहिले. समोर, येताना बागेच्या कुंपणाआड राहिलेली वाकडी बाभूळ होती. तिच्याखाली संत्र्यांचा ढीग आणि काल माझ्याशी भावावरून भांडलेली बाई. मला एवढा आनंद झाला की तिनं सांगितला त्याच भावात पाच किलो घेतली.

घरी पोचायला तास उशीर झाला. मुलगा फाटकातच उभा होता. हरवली होतीस का, त्यानं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं, कालव्यासकट. रोज थोडा थोडा रस्ता डोक्यात भरावा लागणार, हेही मला कळलंय. कधी ना कधी खरंच आठवेनासं होईल. तेव्हा मी स्वतःच सांगेन आणि चावी देईन, असंही त्याला म्हणाले.

"मंग आता?" तो म्हणाला.

"हरवली त उतरून पाहीन, कोणाले बी विचारीन. गाडी मीच चालवीन."