मानेवरचा कण

फाल्यामामांच्या हातात व्हायोलिन दिलं की माणसाने घरी जावं, लग्न करावं, मुलं शाळेत घालावीत आणि मग सवडीने चौकशीला यावं. मालवणीत उद्याला ‘फाल्या’ म्हणतात, आणि गिऱ्हाइकासाठी मामांकडे तेवढा एकच शब्द होता. त्यांचं खरं नाव त्यांच्या रेशनकार्डालाही आठवत नसेल. मुलुंडच्या एका जुन्या चाळीत तळमजल्याला त्यांचा गाळा होता, कपाटाहून जरासा मोठा. भिंतीवर लटकलेल्या काही वाद्यांचे मालक वाट बघता बघता आजोबा झाले होते. तरी लोक त्यांच्याकडेच जात. मामांच्या हाताखालून गेलेल्या लाकडावरून हात तापल्या तव्यावरच्या लोण्यासारखा पळायचा.

मी तिथे पोचलो तो स्वतःच्या कर्तृत्वाने. माझी ताई घाटकोपरला राहते, व्हायोलिन शिकवते आणि वाजवते. तिच्या व्हायोलिनची मान, म्हणजे डावा अंगठा जिच्यावरून सरकतो ती दांडी, घामाने काळवंडून खरखरीत झाली होती. वाढदिवसाला तिला चकित करावं म्हणून मी ते गुपचूप आणलं. शेजाऱ्यांच्या नव्या दाराला पॉलिश चाललंच होतं. त्याच कारागिराकडून मानेवर दोन हात मारून घेतले. अशी चकाकली, की तीत बघून भांग पाडावा. ताईने पहिली मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर हात सरकवला, आणि अर्ध्या वाटेत अंगठा चिकटून बसला. मुंबईच्या दमट हवेत ते पॉलिश ओल्या गुळासारखं झालं होतं. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. तिचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर होता.

मामांनी मान नाकाशी धरली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं.

“दाराक लावतत ता मानेक लावलंस? फाल्या कडी पण बसय, मेल्या.”

मी खाली मान घालून कार्यक्रमाचं सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं. चाळ पाडून टॉवर होणार होता. शेजारची विंग पाडायला घेतली होती आणि मामांचा गाळा पंधरा दिवसांत खाली व्हायचा होता. मग ते गावी, कुडाळकडे. म्हणजे जन्मभर ज्याने कुणाला तारीख दिली नाही, त्याला आता तारीख होती. आणि आम्हाला दुसरा कारागीर नव्हता. दोघांनी तर मान बघून हात जोडले होते.

रोज ऑफिस सुटलं की मी तिथे जाऊन बसायचो. मामा काचेच्या तुकड्याने पॉलिश खरवडत. रसायन लावलं तर ते वरच्या काळ्या पट्टीखाली झिरपून सरस सोडवेल, आणि खरवडताना लाकूड केसभर जास्त गेलं तर ताईच्या हाताला मान परकी होईल. म्हणून चार वेळा काच फिरवायची, थांबायचं, बोटांनी चाचपायचं. मी श्वास इतका रोखून धरायचो, की एकदा शेजारच्या चहावाल्याने पाणी आणून दिलं. न राहवून मी हेअर ड्रायर आणू का विचारलं, तेव्हा काच खाली न ठेवता मामा म्हणाले, “लाकूड दमान घेता. तू पण दमान घे.”

बाराव्या दिवशी लाकूड उघडं पडलं. मग स्पिरिटमधल्या लाखेचे पातळ हात, दिवसाला एक, की घाम आत मुरू नये. शेवटचा हात जवसाच्या तेलात शिजवलेल्या चंद्रसाचा, म्हणजे एका राळेचा. तो पंधराव्या दिवशी सकाळी लागला आणि सुकायला त्याला संध्याकाळपर्यंतचा वेळ हवा होता. मामांनी दारावर ओली चादर बांधली. पलीकडे भिंती कोसळत होत्या आणि धूळ अशी, की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा. दुपारी बिल्डरचा सुपरवायझर चार मजूर आणि पहारी घेऊन आला. चाळीच्या छताचे पत्रे आत्ताच उतरवणार म्हणाला.

मी त्या दिवशी रजा टाकली होती. त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत महापालिकेतल्या एका फार मोठ्या साहेबांच्या सासूबाईंचं वाद्य सुकतंय, असं सांगितलं. साहेब कुणाला भीत नाहीत, सासूबाईंना भितात. मागे एकाने त्या वाद्यावर धूळ उडवली तर त्याची बदली अशा गावी झाली, की तिथली माणसं अजून त्या गावाचा रस्ता शोधतायत. चार चहा, दोन वडापाव आणि सासूबाईंच्या तीन पिढ्या होईस्तोवर पाच वाजले. ताई शिकवणीतून थेट आली आणि माझ्याकडे पाठ करून बाकाच्या टोकाला बसली. सुपरवायझर घड्याळ बघून उठला. मजुरांनी पहारी उचलल्या.

तेवढ्यात मामांनी चादर सोडली आणि व्हायोलिन ताईच्या हातात दिलं. लांबून बघितलं तर झकास. पण मामांचा चेहरा पडला होता. त्यांनी ताईचं बोट धरून मानेवर एका जागी टेकवलं.

“एक कण रवलो हा, बाय. माका अजून एक दिस होयो होतो.”

ताईने अंगठा वरपासून खालपर्यंत सरकवला, पुन्हा वर नेला. सुपरवायझरसुद्धा थांबला.

“हाताला लागत नाही, मामा,” ती म्हणाली.

मामांनी चादरीची घडी घातली. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, चप्पल पायात सरकवली आणि सुपरवायझरला म्हणाले, “आता काढा पत्रे.”

रिक्षात मी ताईला विचारलं, खरंच लागत नाही? सोळा दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

“लागतो ना. चांगला लागतो.”

कार्यक्रम त्या कणासकट झाला. मामा पुढच्या वर्षी गावीच वारले. हल्ली अंधेरीला एकजण चांगलं काम करतो, तो कण पाच मिनिटांत घासून देईल, असं मी ताईला दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने पेटीला कुलूप लावलं.