पेल्यातल्या किड्याला शरणार्थ

त्या सकाळी मी आणि बायकोनं मिळून कौलं सरळ केली. बरोबरीनं केलेलं शेवटचं काम तेच. खजुरीजवळच्या फॉरेस्टच्या रानात मातीत गाडलेले चाळीस प्लास्टिकचे पेले होते आणि प्रत्येकावर चार खड्यांवर टेकवलेला कौलाचा तुकडा. वाऱ्यानं तो हलला की परत नीट ठेवायचा. ती पुढं, मी मागं. घरी आल्यावर म्हणाली, "बसा जरा, चहा टाकते." मी ओसरीवर बसलो. पातेलं पडल्याचा आवाज आला. आत जाऊन बघतो तर ती चुलीपाशी कलंडलेली. सांडलेलं पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं. एवढ्या वेळात माणूस जातं, हे मला अजून पटत नाही.

गाव तिला अक्का म्हणायचं. मीही म्हणायचो, चिडवायला. "अक्का, आज किडे काय म्हणाले?" विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तुमच्यापरीस बरं बोलतेत."

किड्यांचं काम तिच्याकडं आलं म्याडममुळं. त्या किड्यांचा अभ्यास करायला कलबुर्गीहून यायच्या. रान सपाट करून तिथं सोलारच्या पाट्या बसवायचं चाललं होतं. त्याआधी तिथं कोणते किडे, कोळी, विंचू राहतात ते मोजून सरकारला कागद द्यायचा होता. पेल्यात साबणाचं पाणी घालायचं, चालता किडा आत पडतो, सातव्या दिवशी गाळून स्पिरिटच्या बाटलीत भरायचा. अक्का चौथी शिकलेली, ती बाटलीत पेन्सिलीनं पेल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकायची. मी दुसरीतून पळालेला, मी खड्डे खणायचो.

माझा एकही खड्डा तिला पसंत पडला नाही. पेल्याचा काठ मातीच्या वर राहिला की खुरपं हिसकावून घ्यायची. म्हणायची, "काठ दिसला की किडा वळसा घालून जातो. तुमच्यासारखं डोळे झाकून चालत न्हाई त्यो."

आम्ही लिंगायत. आमच्या घरात मुंगीलाही कुणी मारत नाही. पण तिनं काम घेतलं, तेव्हा मी यावर काही बोललो नाही. ती रोज सकाळी रानात एक चक्कर मारायची, मला वाटायचं कौलं बघायला जाते. दीड महिन्यानं म्याडम वही घेऊन ओसरीवर बसल्या. म्हणाल्या, "अक्का, या रानात काहीच नाही असं दिसतंय. असाच कागद गेला तर रान वाचायचं नाही."

अक्का म्हणाली, "हाय म्याडम. लई हाय. जिवंत दिसला की मीच सोडायले."

मी विचारलं, "कामून केलीस असं?"

"पाय हलवायलाय जीव. हातानं कसं बुडवू?"

म्याडमनी वहीची ती सगळी पानं रद्द केली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही शंभर वाचवले अक्का, पण त्यांचं घर जाईल." अक्का त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चला, परत पेले पुरायचेत."

तेव्हापासून तिनं एकही सोडला नाही. जिवंत किडा सापडला की आधी "शरणार्थ" म्हणायची, आम्ही एकमेकांना भेटलो की म्हणतो तसं. मग डोळे उघडे ठेवून बाटलीत टाकायची. मी एकदा हसलो, तर म्हणाली, "घरासाठी मरायलाय त्यो. तुम्ही मरताव का?" मी परत हसलो नाही.

आता शेवटची सात दिवसांची फेरी तेवढी राहिली होती. ती सहाव्या दिवशी गेली.

संध्याकाळी शेतात माती दिली. खड्डा मी खणतो म्हणालो, लोकांनी खणू दिला नाही. आमच्या रीतीप्रमाणं तिला आत बसवलं, माती लोटली. सगळे रडत होते आणि मी नुसता काठ बघत होतो, वरखाली राहिलाय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्यांची पिशवी उचलली. लेक दारात आडवी आली. "आप्पा, कुठं जायलात? लोक भेटाय येतेत."

"पेले उचलायचेत."

"आज?"

"आज सातवा दिवस हाय. उद्या मोजलं तर म्याडमला चालत न्हाई."

तिनं वाट दिली.

एकोणचाळीस पेले गाळले. चाळिसाव्यावरचं कौल तिनं काल शेवटी सरळ केलं होतं. त्यात एक काळा भुंगा, नुकताच पडलेला, पाय हलवत होता. रानात कुणी नव्हतं. मी त्याला बोटावर घेतला आणि कितीतरी वेळ तसाच बसलो.

"शरणार्थ" म्हणालो. मग त्याला बाटलीत टाकला आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं चाळीस काढला. माझा चार तिच्यासारखा येत नाही, पण वाचता येतो.