सॉसची चौथी बाटली

मध्यभारत सरकारचं ऑफिस तेव्हा सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असायचं. आमचे हे त्या ऑफिसात कारकून होते. इंदूरला लालबागेच्या अलीकडे आमचं बैठं क्वार्टर होतं. मागच्या जमिनीच्या तुकड्यात वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, मिरच्या लावल्या होत्या. त्या वर्षी झाडं नुसती लगडली. शेजारीपाजारी वाटून झालं, वाळवणं झाली, तरी तांबड्या मिरच्या संपेनात.

मग वन्संनी सॉस करायचं ठरवलं. मिरच्यांची देठं काढून लसूण घालून पाट्यावर वाटल्या, फडक्यातून गाळल्या, सिरका, मीठ आणि गूळ घालून रटरट शिजवल्या. दोन दिवस त्यांच्या हातांची आग होत होती. मी शरबताच्या चार जुन्या बाटल्या धुऊन उन्हात ठेवल्या. माझं काम एवढंच.

"पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस हं," असं बजावून वन्सं खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला गेल्या. मी बाटल्या भरायला बसले. तीन भरल्या, चौथी अर्धीच राहिली. आणि नेमकी तीच सगळ्यांत सुरेख, नक्षीच्या काचेची. ती मला ह्यांच्या साहेबांच्या घरी द्यायची होती. मी थोडं गुळाचं पाणी केलं, त्यात ओतलं आणि बूच घट्ट दाबून बसवलं. वन्संना काही बोलले नाही.

संध्याकाळी बाटली घेऊन गेले. साहेबांच्या बाईंनी चमचाभर चाखून विचारलं, "अरे वा, एकदम झकास! कुणी केला?"

"मीच," मी म्हणाले.

आठवड्याभरानं त्या स्वतःच टांग्यातून आमच्याकडे आल्या. त्यांच्या घरी पाहुणे जेवायला बसलेले असताना बाटलीचं बूच फटकन उडालं होतं. सॉस त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाईंच्या डोळ्यांत गेला. डॉक्टर आणावा लागला.

"आता ठीक आहेत त्या," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही त्यात घातलं तरी काय होतं?"

 माझ्या तोंडून निघालं, "मी नाही हो केला. आमच्या वन्संनी केला."

"पण त्या दिवशी तर तुम्ही म्हणालात..."

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत पुढे आल्या. "मीच केला, बाईसाहेब. सिरका कमी पडला असेल. चुकलं माझं." आणि माझ्यादेखत त्यांनी, माझ्याहून वयानं कमी असलेल्या त्या बाईपुढे, हात जोडले.

टांगा गेल्यावर वन्संनी उरलेल्या तिन्ही बाटल्या उघडल्या, वास घेतला, चाखून पाहिलं. "हा तर बिलकुल चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी मोरीवर भांडी घासायला बसले. थोड्या वेळानं पाहिलं तर वन्सं त्या तिन्ही बाटल्या अंगणापलीकडच्या खड्ड्यात रिकाम्या करत होत्या. ह्यांनी रात्री जेवताना बहिणीला दोन शब्द सुनावले. मी पोळ्या वाढत राहिले.

पुढे मध्यभारत राज्यच गेलं, ऑफिस भोपाळला हललं. आम्ही तिकडे गेलो. वन्सं इंदूरलाच, जुनी इंदूर भागात, माझ्या धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या. तीन-चार वर्षांनी एका लग्नासाठी इंदूरला आले, तेव्हा त्यांना एकटं गाठलं आणि सगळं सांगितलं. गुळाचं पाणीसुद्धा.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "त्या बाईपुढे बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं. आता सांगून तुला बरं वाटेल, बस."

मला तेही वाटलं नाही. मी त्यांच्या सुपातले थोडे तांदूळ पुढ्यात ओढले आणि खाली मान घालून निवडू लागले.