संस्थेचा जनरेटर

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे, त्यांनी आमच्या पाटोदा तालुक्यातल्या गावच्या सहकारी जिनिंगमध्ये सगळी उमर काढली. रेच्यात, म्हणजे जिनिंगच्या यंत्रात, कापूस टाकायचा आणि रुई-सरकी वेगळी करायची. तोंडाला उपरणं बांधायचे, बाकी काही नाही. जिनिंग बंद पडलं, संस्था आणि तिचं ऑफिस तेवढं राहिलं, आणि काही वर्षांनी मामांना धाप लागायला लागली. बीडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की कापसाच्या धुळीनं फुप्फुसं खराब झालीत, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, दिवसातले निदान सोळा तास लावा.

सोळा तास लाईट आमच्या गावात होती कुठं? सलग दुसरा दुष्काळ. लोक टँकरची वाट बघायचे आणि मी लाईटची. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी भरायलाही लाईटच लागते. एक सिलेंडर अडीअडचणीला ठेवलेला, तो किती पुरणार?

मामा म्हणाले, "संस्थेच्या ऑफिसातला छोटा जनरेटर पडून हाय की. मी सभासद हाय. अर्ज दे."

मी शाळेत शिकवते, अर्ज लिहायला मला काय वेळ लागतो? तीनदा दिला. तीनदा एकच उत्तर आलं, संचालक मंडळाची बैठक झाली की बघू. शेवटी मी एका दुपारी संस्थेच्या चेअरमनच्या बंगल्यावर गेले. लाईट गेलेली होती, तरी आत कुलर घरघरत होता. मागच्या ओट्यावर जनरेटर चालू होता आणि त्याच्या पत्र्यावर संस्थेचं नाव होतं, अर्धवट खरवडलेलं.

"रिपेरीला आणलाय," चेअरमन म्हणाले.

"चालू तर हाय."

"चालवून बघितल्याशिवाय कळतंय का, बाई, रिपेर झालाय का न्हाई?"

आमच्या गल्लीत आठ दिवसाआड पाणी येत होतं, आणि तो कुलर पाणी पीत होता. मी त्या ओट्यावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. घरी आल्यावर पायात चपला नाहीत हे कळलं. आणायला परत गेले नाही.

आमचे हे एसटीत मेकॅनिक. रागावले म्हणजे गप्प बसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. म्हणाले, "चल, आपला घेऊ."

मामांना सिलेंडर लावून शेजारच्या काकूंना बसवलं आणि ऑक्सिजनचं मशीन मागून आणलेल्या जीपमध्ये घालून आम्ही बीडला गेलो. दुकानदाराला हसू आलं. "मशीन कावून आणलं? ह्याच्यावर सगळं चालतं, ताई. कुलर, टीव्ही, मिक्सर." त्यानं सगळ्यात स्वस्तातला जनरेटर पुढं केला. मी म्हटलं, लावून दाखवा. त्यानं कुरकुरत दोरी ओढली, मशीन जोडलं, आणि दोन मिनिटांत मशीन टीं टीं ओरडायला लागलं. व्होल्टेज खालीवर होत होतं. दुसऱ्या जनरेटरवरही तेच. रॉकेलवरचा आम्हीच नको म्हटला, कारण रेशनवर रॉकेल येत नव्हतं. डिझेलचा दोघांना उचलवेना. शेवटी पेट्रोलचा एक छोटा निघाला, त्याच्यावर मशीन अर्धा तास गुमान चाललं. मी घड्याळ लावून समोर बसून राहिले. चालेल म्हणून तसाच घरी नेला असता आणि मामांच्या नाकाला नळी असताना मशीन ओरडलं असतं तर?

येताना मांजरसुंब्याच्या पुढं पंपावर थांबलो. पंपावरचा माणूस म्हणाला, "कॅनमध्ये देत न्हाई. वरून आदेश हाय." मी डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यानं वाचलाही नाही. माझ्यासमोर दोन टँकरवाल्यांनी डिझेलचे कॅन भरून नेले, त्यांना आदेश लागू नव्हता. मग ह्यांनी आणि मी जीपमधून जनरेटरच उचलला, पंपासमोर आणून ठेवला आणि त्याच्या टाकीचं झाकण काढलं.

"हा काय कॅन हाय का?" हे म्हणाले. त्या प्रवासातलं त्यांचं पहिलंच वाक्य. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, तेव्हा त्या माणसानं पेट्रोल भरलं.

पण टाकी पाचेक तासच पुरायची. रोज जनरेटर कोण नेणार? मग मोटारसायकलची टाकी भरून आणायची आणि नळीनं काढायचं असं सुरू झालं. नळी तोंडानं मीच ओढायचे. शाळेत फळ्यावर लिहिताना तोंडात पेट्रोलची चव असायची. जनरेटर परसात, खिडकीपासून लांब, पत्र्याखाली ठेवला. धुरानं मामांना मारायचं नव्हतं. तिथून घरापर्यंत लांब वायर.

संस्थेची वार्षिक सभा आली. मामा हट्टाला पेटले, मी जाणार म्हणून. सिलेंडर जीपमध्ये घातला आणि मी त्यांना धरून मंडपात नेलं. विषय वाचून झाले. चेअरमननी विचारलं, "कुणाला काही विचारायचं?"

मामा उभे राहिले. "जनरेटर..." एवढंच बोलले. पुढचा श्वासच येईना. ओठ हलत होते, मान ताठ, आवाज नाही. सगळा मंडप बघत होता. मी म्हटलं, "संस्थेचा जनरेटर कुठं हाय, असं विचारत्यात ते."

"बाई, तुमी सभासद न्हाई. बसा खाली."

मी बसले नाही. पण दुसरं कुणी उठलंही नाही. त्याच रेच्यांवर मामांसोबत काम केलेली माणसं होती तिथं, खाली बघत बसली. चेअरमननी आभार मानले आणि चहा आला. पुढं मी सभेचा वृत्तांत मागून वाचला. त्यात लिहिलं होतं: कोणीही प्रश्न उपस्थित केला नाही. सभा खेळीमेळीत पार पडली.

मामांनी त्यानंतर दोन उन्हाळे काढले, आमच्या जनरेटरवर. गेले ते भर श्रावणात सकाळी, लाईट असताना, झोपेत.

तिसऱ्या दिवशी चेअरमन भेटायला आले, चार माणसं घेऊन. सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "सहकारासाठी जन्म झिजवला माणसानं."

मी आतून बाहेर आले. म्हटलं, "चहा मिळायचा न्हाई. उठा."

मयतीला आलेली माझी जाऊ अंगावर धावून आली, गावातल्या दोघांनी माझी समजूत घालायला सुरुवात केली. हे मात्र उठले, चेअरमनच्या चपला उचलल्या आणि दाराबाहेर नेऊन नीट ठेवल्या. चेअरमन गेले.

पुढं वर्षभर लोक म्हणायचे, मास्तरीणबाईला दुःखात भान राहिलं नाही. मला चांगलं भान होतं.